एक दिवस, भाड्याची सायकल आणि जपानचा समुद्र : शिमानामी पूर्ण करावं की अर्धं?

चिकलठाणा_फास्ट (छत्रपती संभाजीनगर)
राम राम मंडळी. कंपनीच्या कामानं जानेवारीच्या मध्यात ओसाकाला जातोय. काम शुक्रवारी दुपारी संपतं, परतीचं विमान रविवारी रात्री. मधला शनिवार पूर्ण माझा. तिकडचे सहकारी किल्ला आणि क्योतोची देवळं दाखवायला तयार आहेत, पण आपल्या डोक्यात वेगळंच आहे. मला दिवसभर समुद्राच्या काठाकाठानं सायकल चालवायचीय. आठ जिल्ह्यांत मिळून समुद्राचा एक थेंब नसलेल्या मुलखातला माणूस आहे, एवढा हट्ट चालतो.

शोधल्यावर शिमानामी काइदो सापडलं. होन्शू बेटावरचं ओनोमिची ते शिकोकूवरचं इमाबारी, साधारण ७० किमी. मधे सहा बेटं, त्यांना जोडणारे मोठमोठे पूल आणि त्या पुलांवर सायकलींना वेगळी वाट. माझी तयारी म्हणाल तर रविवारी पहाटे दौलताबाद घाट, खुलताबाद, अंगात आलं तर वेरूळ. ७० जमेल असं वाटतंय.

प्रश्न तीनच. पूर्ण करावं की अर्धं करून मागं फिरावं? थंडी कितपत? आणि मी शाकाहारी, तर खायचं काय? अनुभव असणाऱ्यांनी लिहा, इंटरनेटवरचं ज्ञान माझ्याकडंही आहे.

नाथसागरकर (पैठण)
पाणीच बघायचं ना? मग पैठणला ये. जायकवाडीच्या भिंतीमागं साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी पसरलंय, काही ठिकाणी पलीकडचा काठ दिसत नाही. हिवाळ्यात पक्षी बघायला लोक लांबून येतात. जेवायला वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी माझ्याकडून. विमानाचं तिकीट वाचलं.

डबलसीट (नांदेड)
नाथसागराला भरती येत नाही हो काका.

नाथसागरकर
येते की. वरच्या नाशिकवाल्यांनी पाणी सोडलं की येते.

उदगीरकरीण
@चिकलठाणा_फास्ट, नवऱ्याच्या संशोधनामुळं आम्ही हिरोशिमाजवळ राहायला होतो. हा रस्ता हिवाळ्यातच केलाय, त्यामुळं लिहिते. थोडं लांबेल.

थंडीचं आधी. जानेवारीत तिथं दुपारी नऊ-दहा अंश, पहाटे एक-दोन. आकडा ऐकून पोटात गोळा आणू नका. आभाळ बहुधा स्वच्छ, ऊन छान, पाऊस फारसा नाही. जपानच्या बर्फाचे जे फोटो आपण बघतो ते डोंगरांच्या पलीकडचे, जपान समुद्राच्या बाजूचे. जाड जॅकेट घेऊ नका, पहिल्या चढाला घामानं भिजाल आणि उताराला तोच घाम गार पडेल. पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, वरचा वारा अडवणारा. हातमोजे मात्र पूर्ण बोटांचे हवेत. पुलावर बोटं बधिर झाली की ब्रेक धड दाबला जात नाही.

आता रस्ता. ओनोमिचीच्या धक्क्यावरून छोट्या फेरीबोटीत सायकल घेऊन चढायचं, काही मिनिटांत मुकाइशिमा बेट. तिथून रस्त्याच्या कडेला निळी रेघ चालू होते ती इमाबारीपर्यंत, अधूनमधून राहिलेले किलोमीटर लिहिलेले. नकाशा खिशात ठेवा. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळं चौकात गोंधळ नाही. पूल समुद्रापासून बरेच उंच आहेत, पण सायकलींसाठी वळणावळणाची वेगळी चढण काढलीय, तीनेक टक्क्यांची. दौलताबाद घाट चढणाऱ्यानं तिची काळजी करू नये. १९८३ च्या इन्नोशिमा पुलावर गाड्या वरच्या मजल्यावर आणि आपण खाली. डोक्यावर ट्रक धडधडतात आणि शेजारच्या जाळीतून समुद्र दिसतो. पहिल्यांदा मला ते अजिबात आवडलं नव्हतं.

तातारा पूल मात्र नुसता बघत बसावा असा. मधला गाळा, म्हणजे दोन मनोऱ्यांमधलं अंतर, ८९० मीटरचा. १९९९ ला खुला झाला तेव्हा तारांनी तोललेल्या पुलांमध्ये जगात सर्वांत लांब गाळा याचा होता. आधी झुलता पूल बांधायचं ठरत होतं. पण त्याच्या दोराला दोन्ही टोकांना प्रचंड नांगर लागतात, म्हणजे बेटाचा डोंगर फोडा. ते टाळायला आराखडा बदलला. पुलाच्या मनोऱ्याखाली उभं राहून टाळी वाजवली की आवाज घुमत घुमत वर चढतो. तिथं मोठमोठी माणसं टाळ्या वाजवत उभी असतात.

पूर्ण की अर्धं? माझं मत अर्धं. जानेवारीत सूर्य साडेपाचच्या आधी मावळतो. ७० किमी हा आकडा थेट रस्त्याचा आहे. देऊळ, फळबाग, एखादा किनारा असं आत-बाहेर केलं की ८०-८५ सहज होतात, आणि शेवटचा सगळ्यात लांब पूल अंधारात येतो. ओनोमिची ते सेतोदा गाव साधारण तीस किमी. तिथं जेवा, तातारा पूल ओलांडून ओमिशिमाला टेका आणि परत सेतोदाला येऊन बोटीनं ओनोमिची गाठा. सायकल बोटीत चढते.

लातूर_ते_लायडन
मी उलट म्हणते. पूर्ण करा. एवढ्या लांब जाऊन अर्ध्यातून परत फिरलात तर घरी आल्यावर उरलेल्या अर्ध्याचीच आठवण येत राहील.

अट एकच, दिशा नीट निवडा. समुद्राकाठी चढाचा विचार करू नका, वाऱ्याचा करा. मी नेदरलँड्समध्ये हिवाळ्यात सायकल चालवते. इथं १९३२ साली पूर्ण झालेला आफ्स्लाउटडाइक नावाचा ३२ किमीचा सरळ बांध आहे, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गोडं पाणी. चढ शून्य. वारा पाठीवर असेल तर गाणी म्हणत जाल, तोंडावर असेल तर देव आठवेल. जपानला हिवाळ्यात वायव्येकडून वारे येतात. म्हणजे ओनोमिचीहून दक्षिणेला इमाबारीकडं निघालात तर वारा बाजूनं, थोडा मागून, निदान तोंडावर नाही. अर्धं करून परत फिरलात तर तोच वारा तिरका छातीवर, तोही दमल्यावर.

उदगीरकरीण
@लातूर_ते_लायडन, परत यायला बोट आहे असं लिहिलंय की मी. तुम्ही गेलाय का तिकडं?

लातूर_ते_लायडन
नाही गेले, ताई. पण वारा सगळीकडं एकच.

डबलसीट
नांदेडला वाराच नाही, निस्ती धूळ. आम्ही कोणत्या दिशेनं जावं?

बोटीवरचा_बीडकर
या धाग्यावर मला बोलायचा हक्क आहे. या पुलांच्या वरून मी कधी गेलेलो नाही, पण खालून गेलोय. मर्चंट नेव्हीत आहे. (बीडचा पोरगा बोटीवर कसा, हे कृपया विचारू नका. लहानपणी पोहायला गावची विहीर होती, तेवढी पुरली.)

पूर्ण करा म्हणतो, आणि त्याचं कारण शेवटचा कुरुशिमा पूल. तो खरं म्हणजे एकामागोमाग एक असे तीन झुलते पूल आहेत, मिळून चार किलोमीटरच्या वर. अशी तिहेरी रचना जगात पहिल्यांदा इथं झाली. पण गंमत खाली आहे. कुरुशिमाची सामुद्रधुनी चिंचोळी, मधे बेटं, आणि भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्या फटीतून घुसतं. जोरावर असलं की प्रवाह दहा नॉटपर्यंत जातो, म्हणजे ताशी १८ किमी. तुम्ही वर सायकल चालवताय आणि खालचं पाणी तुमच्याइतकंच पळतंय, असा हिशोब. वरून भोवरे दिसतात, थांबून बघा.

बोटींचा नियमही निराळा आहे. इतर ठिकाणी आपली बाजू ठरलेली. इथं प्रवाह पाठीमागून असेल तर मधल्या वाटेनं जायचं, समोरून असेल तर पश्चिमेकडच्या वाटेनं. मागून ढकलणाऱ्या पाण्यात बोट पटकन वळत नाही, म्हणून सरळ वाट तिला द्यायची. प्रवाह कुठं चाललाय ते काठावरच्या खुणांच्या पाट्या सांगतात. त्या पट्ट्यात शिरलो की बोट चालवतात त्या खोलीत कुणी गप्पा मारत नाही.

याच प्रवाहांच्या जिवावर मुराकामी नावाच्या घराण्यांनी मध्ययुगात तिथं राज्य केलं. वाटा त्यांनाच ठाऊक. पैसे दिले तर सुखरूप पार करून देणार, नाही दिले तर लुटणार. त्यांचं संग्रहालय वाटेतल्या ओशिमा बेटावर आहे.

नाथसागरकर
म्हणजे टोलनाका.

बोटीवरचा_बीडकर
अगदी तसंच काका. फक्त पावती म्हणून झेंडा द्यायचे.

मोसंबीवाला (जालना)
उदगीरच्या ताईंनी फळबाग म्हटलं म्हणून थांबलो. कसली बाग? लिंबूवर्गीय का? असल्यास जरा सविस्तर लिहा, बाकी पुलाबिलाचं नंतर बघू.

उदगीरकरीण
@मोसंबीवाला दादा, सगळी लिंबूवर्गीयच! सेतोदा ज्या इकुचिजिमा बेटावर आहे ते लिंबांसाठी नावाजलेलं. जपानात लिंबू सर्वांत जास्त हिरोशिमा प्रांतात पिकतं. इन्नोशिमावर हास्साकू नावाचं जाड सालीचं, किंचित कडसर फळ, ते मूळ त्याच बेटावरचं. पुढं एहिमे प्रांतात शिरलं की मिकान, आपल्या संत्र्याच्या जातीचं पण पातळ सालीचं. हिवाळा हाच हंगाम. समुद्रापासून डोंगरमाथ्यापर्यंत दगडी बांधाच्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर पिवळी-केशरी झाडं. तिथले शेतकरी म्हणतात, आमच्या फळाला तीन सूर्य लागतात : आभाळातला एक, समुद्रावरून परतणारा दुसरा, दगडी बांधातून धग देणारा तिसरा.

काही बागांत झाडाखाली पांढरं कापड अंथरलेलं असतं. आधी मला वाटलं थंडीसाठी. शेजारच्या आजोबांनी सांगितलं की पावसाचं पाणी मुळाशी जाऊ नये आणि ऊन खालून फळावर पडावं म्हणून. पाणी कमी मिळालं की गोडी वाढते म्हणे.

मोसंबीवाला
हाव! म्हणजे ताणच देतात की ते. आपणही मोसंबीला ताण देतो, फक्त वेळ वेगळी. आंबे बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा फुलोरा, धरायचा तर थंडीत पाणी तोडायचं, झाड पानं गाळायला लागलं की हळूहळू पाणी सोडायचं, मग फुलं फुटतात. आपला ताण फुलासाठी, त्यांचा गोडीसाठी. पाऊस अडवायला कापड अंथरायची पाळी आमच्यावर कधी येणार देव जाणे. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरनं बागा जगवल्यात आम्ही, आणि बऱ्याच जणांनी शेवटी कुऱ्हाड लावली. ताण द्यायला आधी हातात पाणी असावं लागतं ना ताई.

चिकलठाणा भाऊ, बागेत उतरून छाटणी कशी करतात त्याचे फोटो काढ. फांदीचा कोन दिसला पाहिजे. आणि जाताना माझ्याकडून जालन्याची मोसंबी घेऊन जा, तिकडं वाट.

चिकलठाणा_फास्ट
दादा, ताजी फळं प्रमाणपत्राशिवाय जपानात नेता येत नाहीत, विमानतळावरच काढून घेतात. फोटो मात्र नक्की.

मोसंबीवाला
मग विमानात बसायच्या आधी खा.

निवृत्त_गुरुजी (परभणी)
भूगोल शिकवण्यात हयात गेली, राहवत नाही. त्या भागात पाऊस कमी का, हे कुणी सांगितलं नाही. ही बेटं ज्यात आहेत तो सेतोचा अंतर्गत समुद्र दोन डोंगररांगांच्या मधे आहे. उत्तरेला चुगोकूचे डोंगर, दक्षिणेला शिकोकूचे. हिवाळ्याचे वारे जपान समुद्रावरून बाष्प आणतात ते चुगोकूच्या पलीकडंच बर्फ होऊन पडतं. उन्हाळ्याचे वारे प्रशांत महासागरावरून येतात ते शिकोकूच्या डोंगरात रिकामे होतात. राहिला मधला पट्टा, तो दोन्ही ऋतूंत कोरडा. आपल्याला तर एकच सह्याद्री आडवा आहे, त्यांना दोन्हीकडून. तरी त्यांच्याकडं वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पडतोच, आपल्याकडं सातशेच्या आसपास. पर्जन्यछाया म्हटली तरी कुणाची छाया किती दाट, हे ज्याचं त्याचं नशीब.

शेजारच्या कागावा प्रांतात म्हणूनच हजारोंनी तळी खोदलेली आहेत. १९९४ साली ताकामात्सु आणि मात्सुयामा या शहरांत पाणी तासांवर वाटावं लागलं होतं. समुद्र उशाशी असून. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा मला त्या ताकामात्सुची आठवण झाली होती.

आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठात थंडीत पारा पाच-सहावर येतोच, तेव्हा थंडीचं कौतुक संभाजीनगरकरांनी आम्हाला सांगू नये.

हुरडा_पार्टी (हिंगोली)
गुरुजी, जानेवारीत शेकोटी, गुळभेंडी हुरडा आणि तिळाची चटणी सोडून माणूस सायकल मारायला परदेशात जातो, यावर भूगोल काय म्हणतो?

निवृत्त_गुरुजी
भूगोल काही म्हणत नाही. मी म्हणतो, जाऊन ये आणि मग हुरड्याला ये. हुरडा फेब्रुवारीपर्यंत असतो.

चिकलठाणा_फास्ट
खाण्याचं राहिलंच की लोकहो. मी उपाशी मरायलोय तिकडं आणि तुम्ही हुरड्यावर.

उदगीरकरीण
खाण्याची खरी अडचण मांसाची नाही, माशाच्या पाण्याची आहे. नूडल्सचा रस्सा, सूप, भाजी, सगळ्याच्या बुडाशी वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, तो दिसत नाही. ओनोमिचीचं रामेन प्रसिद्ध आहे, त्यात तर वरून डुकराची चरबी तरंगते, तिकडं फिरकू नका. चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांत भाताचे त्रिकोणी गोळे मिळतात, त्यातला आंबट प्लमचा घ्या. तरी मागचं लेबल फोनवर भाषांतर करून बघाच. हिवाळ्यात भाजलेलं रताळं मिळतं, गरम, आतून मधासारखं. सायकलवाल्याला त्याहून चांगलं खाणं नाही. सेतोदाला लिंबाचं आइसक्रीम, इन्नोशिमाला हास्साकू भरलेली तांदळाची मऊ मिठाई. आणि रस्त्यात जागोजागी बिनमाणसांचे स्टॉल : फळांच्या पिशव्या मांडलेल्या, शेजारी पैशाचा डबा. नाणं टाका, पिशवी उचला. सुटी नाणी जवळ ठेवा.

डबलसीट
डबा जागेवर राहतो?

उदगीरकरीण
राहतो. फळं मात्र दुपारनंतर राहत नाहीत, संपतात.

लातूर_ते_लायडन
धपाटे न्या. दोन दिवस टिकतात, घडी घालून खिशात बसतात, सोबत शेंगदाण्याची चटणी. मी बांधावर वाऱ्याकडं पाठ करून तेच खाते.

चिकलठाणा_फास्ट
धपाटे पक्के. अजून एक. सायकल भाड्यानं घेऊन दुसऱ्या टोकाला सोडता येते असं वाचलं. खरंय का? हेल्मेटचं काय?

उदगीरकरीण
येते. बेटांवर जागोजागी भाड्याच्या सायकलींची ठाणी आहेत. आम्ही होतो तेव्हा दुसऱ्या ठाण्यावर सोडली तर अनामत रक्कम परत मिळायची नाही, एवढंच. बॅटरीवाली सायकल मात्र जिथून घेतली तिथंच परत करावी लागायची, आत्ताचं घेताना विचारा. सीटची उंची निघायच्या आधी नीट लावून घ्या. त्यांच्या साध्या सायकलीत बसून दहा किमीनंतर गुडघा बोलायला लागतो. हेल्मेट एप्रिल २०२३ पासून सगळ्यांनी घालावं असा कायदा झालाय. दंड नाही, पण घाला. दंड आहे तो चालवताना फोन हातात धरण्याला, नोव्हेंबर २०२४ पासून तो बराच कडक केलाय. तेव्हा मोसंबीवाले दादांचे फोटो उतरून, उभं राहून काढा.

नाथसागरकर
ऐक लेकरा, जायचंच ठरवलंयस तर तयारी तरी नीट कर. संभाजीनगर ते पैठण पन्नासेक किमी. डिसेंबरात एका रविवारी ये, धरणाकडच्या उघड्या रानात वारा कसा लागतो ते कळेल. जेवण करून त्याच दिवशी परत गेलास तर तुझे ७० काय, शंभर झाले. तेवढं झालं तर जपानला पूर्ण कर, नाही झालं तर ताईंचं ऐक. भरीत दोन्हीकडून आहेच.

चिकलठाणा_फास्ट
काका, हे पटलं. डिसेंबरातला दुसरा रविवार धरा, अजून कोण येतंय?

सगळ्यांचं वाचून असं ठरवलंय. शुक्रवारी संध्याकाळीच बुलेट ट्रेननं फुकुयामा, तिथून लोकलनं ओनोमिची, मुक्काम तिथंच. मोठी बॅग ओसाकाच्या हॉटेलात. शनिवारी उजाडताना फेरी. साधी गेअरची सायकल, बॅटरीची नाही, म्हणजे कुठंही सोडता येईल. साडेअकराच्या आत तातारा पूल ओलांडला तर पुढं इमाबारी, तिथून बसनं परत फुकुयामा. साडेअकरा वाजून गेले तर ओमिशिमाला देऊळ बघायचं, सेतोदाला येऊन बोट पकडायची. फाटा तिथंच असल्यामुळं आज भांडायची गरज नाही.

उदगीरकरीण
हे बेस्ट. साडेअकराचे बारा करू नका फक्त. आणि ते ओमिशिमाचं देऊळ निळ्या रेघेपासून आत, बेटाच्या दुसऱ्या बाजूला आहे. सामुराईंची चिलखतं तिथं ठेवलीत, जपानमधला मोठा संग्रह. पूर्ण करणार असाल तर देऊळ सोडावं लागेल.

बोटीवरचा_बीडकर
देऊळ सोड. निघायच्या आधी कुरुशिमाच्या प्रवाहाचं त्या दिवसाचं वेळापत्रक बघ, इंटरनेटवर असतं. प्रवाह जोरात असतानाची वेळ गाठलीस तर पुलावर अर्धा तास जातो बघ.

लातूर_ते_लायडन
आणि उत्तरेकडूनच निघा.

हुरडा_पार्टी
इमाबारीपर्यंत पोचलास तर टॉवेल आण. तिथले टॉवेल जगात नावाजलेले आहेत म्हणे.

डबलसीट
सोलापूर शेजारी असताना टॉवेल जपानहून? सोलापूरकरांनी हा धागा वाचला तर पैठणच्या रविवारी रस्ता अडवतील.

मोसंबीवाला
टॉवेलचं तुम्ही बघा. भाऊ, फांदीचा कोन विसरू नको. आणि जमलं तर विचार, झाडाला वय किती झालं की काढून टाकतात?